खुर्ची प्रभूची, सही आमची

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं भरली पावणेअकरा लाखांच्या आसपास. लोकसंख्येच्या एक टक्काही नाही. पण एखाद्या मंडळीच्या वार्षिक सभेला जाऊन बसा. बहुमत, अल्पमत, गट, उपगट, नाराज, तटस्थ, कुंपणावरचे. अख्खा महाराष्ट्र तिथं भेटतो.

मतभेदांत आम्ही कधीच अल्पसंख्य नव्हतो.

चर्चचा कारभार कोण करतं, हे बाहेरच्या वाचकाला फारसं ठाऊक नसतं. त्याच्या डोळ्यांसमोर पांढरा झगा घातलेला एक गृहस्थ असतो आणि समोर डोळे मिटून बसलेली माणसं. डोळे मिटलेले असतात, हे खरं. हिशेब मात्र चालू असतो.

तर थोडक्यात रचना अशी. प्रॉटेस्टंट मंडळीत एक पाळक असतो. सेमिनरीत शिकलेला, पगारी, बदली होणारा. आणि एक कमिटी असते. निवडून आलेली, बिनपगारी, बदली न होणारी. कुठं तिला पंच कमिटी म्हणतात, कुठं वडील मंडळ, कुठं पास्टोरेट कमिटी. तिच्यात एक सेक्रेटरी, एक खजिनदार. खरी सत्ता कोणाकडे? ग्रामसेवक आणि सरपंच यांच्यातलं गणित ज्याला कळतं, त्याला हेही कळेल.

पाळक येतात आणि जातात. सेक्रेटरी असतो.

मंडळीत ही पदं निघाली कशासाठी, ते आधी बघू. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात गोष्ट आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्नवाटप होई. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची तक्रार आली की आमच्याकडे दुर्लक्ष होतं. प्रेषितांनी सभा बोलावली आणि वाटपासाठी सात माणसं निवडून घेतली. काम आधी निघालं, माणसं नंतर. आणि काम कसलं? वाढप्याचं.

आता सातही जण पहिल्या पंगतीला बसतात.

मग माणसं निवडायची कशी? पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात निकष दिलेत. दारूचा नाद नको, हाणामारी नको, पैशाची हाव नको. स्वतःचं घर धड चालवता यावं. पाहुण्याचं आगतस्वागत करणारा असावा. कालपरवा आलेला नसावा. बाहेरच्या लोकांतही नाव चांगलं असावं. ही यादी घेऊन अर्जांची छाननी केली, तर निवडणूक शंभर टक्के बिनविरोध होईल.

बिनउमेदवारही.

म्हणून आम्ही छाननीचा निकष सोपा ठेवलाय. वर्गणी भरली का? भरली असेल तर मत आहे, उमेदवारीही आहे. पैशाची हाव नसावी असं पौल म्हणतो. बाकी नसावी, असं आम्ही म्हणतो.

त्यामुळे मतदार यादी बंद होण्याच्या आधीच्या रविवारी खजिनदाराच्या टेबलावर जी झुंबड उडते, ती पाहून एखाद्या मिशनऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. केवढी ही दानशूरता! एकेक गृहस्थ स्वतःची तर भरतोच, शिवाय दहा-बारा कुटुंबांची थकबाकीही चुकती करतो. उजव्या हाताने केलेलं डाव्याला कळू नये, अशी शिकवण आहे. इथं दोन्ही हातांना नीट कळलेलं असतं.

कळत नाही ते फक्त त्या कुटुंबांना.

मतदानाच्या दिवशी तर पुनरुत्थानच. वर्षभर न दिसलेले चेहरे दिसतात. पुण्याहून गाड्या येतात, मुंबईहून येतात. परदेशातला मुलगा नेमका त्याच आठवड्यात रजेवर असतो. चर्च गच्च भरतं. पाळकसाहेब भारावून लांबलचक उपदेश करतात, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी घड्याळ दाखवतं.

पेटी साडेअकराला उघडायची असते.

हे सगळं आजचं आहे, असं मात्र समजू नका. जब्दीच्या दोन मुलांची आई येशूकडे गेली होती. तुमच्या राज्यात माझ्या एका मुलाला उजवीकडे बसवा, एकाला डावीकडे. मत्तयाने हे नोंदवून ठेवलंय. पुढचं वाक्य जास्त मोलाचं आहे: बाकीचे दहा जण रागावले. का रागावले? पदाचा मोह वाईट, म्हणून? छे. आपला नंबर हुकला, म्हणून.

लॉबिंगचं श्रेय उगाच राजकारण्यांना देतात.

योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा गृहस्थ भेटतो. पत्र एवढंसं, पण त्यातही त्याने जागा अडवलीच. त्याला सगळ्यांच्या पुढे राहायची हौस. आलेल्या बंधूंना हा घरात घेत नाही, आणि जे घेतात त्यांना मंडळीबाहेर काढतो. योहानाने नाव दिलंय, पण आडनाव दिलं नाही.

म्हणूनच प्रत्येक गटाला तो दुसऱ्या गटातला वाटतो.

आणि खजिनदार? बारा जणांची थैली कोणाकडे होती, ते योहानाच्या शुभवर्तमानात स्पष्ट लिहिलंय. यहूदा इस्कर्योत. तो त्यातून काढून घेत असे, हेही लिहिलंय. तेव्हा ऑडिटर नव्हता. आता आहे. दरवर्षी येतो, चहा घेतो, शिक्का मारतो.

थैलीत काय उरलं, ते मात्र अजूनही शुभवर्तमानकारालाच विचारावं लागतं.

पण थैलीत असतं तरी किती? रविवारचं अर्पण, काहींचा दशांश, हंगामाच्या सणाला लिलावात गेलेला भोपळा आणि कोंबडी. एवढ्याशा रकमेवर ताबा मिळावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं कोर्टात जातात? वकिलाची फीसुद्धा त्यातून निघायची नाही. मग भांडण आहे कशाचं?

जमिनीचं. आणखी कशाचं असणार?

1813 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल मुंबईत उतरले. 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू झालं. 1852 मध्ये रॉयल वाइल्डर कोल्हापूरला पोहोचले. कुठं स्कॉटिश आले, कुठं अँग्लिकन, कुठं मेथडिस्ट. आले ते गावाबाहेर राहिले. तिथं जागा स्वस्त होती, आणि गावात घेत कोण होतं? शाळा बांधली, दवाखाना बांधला, वसतिगृह, बंगला, दफनभूमी. मग गाव वाढत वाढत बंगल्याच्या फाटकापर्यंत आलं आणि फाटक ओलांडून पुढे गेलं.

तेव्हा गावाबाहेर. आता बसस्टँडसमोर.

स्वातंत्र्यानंतर साहेब मायदेशी गेले. कंपाउंड राहिलं. बंगल्याची कौलं, चिंचेची झाडं, शाळेचं मैदान आणि कागदांची एक पेटी. त्या कागदांवर सही कोणाची चालते, एवढाच प्रश्न उरला. आज रस्त्याकडेचे गाळे कोणाला भाड्याने द्यायचे, हॉल लग्नाला किती रुपयांत द्यायचा, शाळेत शिक्षकाची जागा निघाली तर कोणाच्या भाच्याला लावायचं, हे सगळं त्या सहीपाशी येऊन थांबतं. आता सांगा, सेक्रेटरीपदासाठी एवढी प्रार्थना का होते?

सुवार्तेच्या प्रसारासाठी, असं अर्जात लिहिलेलं असतं.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात मोठी घटना घडली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रेद्रेन, मेथडिस्टांचा एक गट आणि डिसायपल्स अशा सहा परंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. एरवी चर्चं फुटतात, आपल्याकडे सहा एक झाली. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. फक्त एक व्हायचा ठराव करताना मिळकतींचे कागद कोणी नीट बघितले, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नाही.

पुढे वकिलांना पडला. त्यांची तीन पिढ्यांची सोय झाली.

गुजरातमधल्या ब्रेद्रेन मंडळीचा असाच एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 मध्ये निकाल आला. नुसता विलीनीकरणाचा ठराव केला म्हणून विश्वस्त संस्थेची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही. संस्था नोंदणीचा कायदा आहे, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आहे, त्यांची वाट चालावी लागते. त्रेचाळीस वर्षांनी कळलेली गोष्ट एवढीच.

ठरावाने श्रद्धा एक होते. सातबारा होत नाही.

इकडे महाराष्ट्रात 1950 चा विश्वस्त कायदा आहे. आधी नावात मुंबई होती, आता महाराष्ट्र आहे. मंडळी असो की मठ, सार्वजनिक ट्रस्ट म्हटला की धर्मादाय आयुक्तांकडे नोंद. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. जमीन विकायची तर आधी परवानगी घ्यायची. ख्रिस्ती घरांतल्या मुलांना दहा आज्ञा सांगताना आठवीपाशी अडखळायला होतं, पण चेंज रिपोर्ट म्हणजे काय ते पाळण्यातलं पोरही सांगेल.

आठवी आज्ञा चोरीची आहे. अडखळणारच.

चेंज रिपोर्टाची गंमत अशी, की हरलेला गट त्याला हरकत घेतो. हरकत घेतली की सुनावणी. सुनावणी म्हणजे तारीख. तारखांत कमिटीची मुदत संपते. मग नवी निवडणूक, नवा रिपोर्ट, नवी हरकत. दफ्तरी जुन्याच विश्वस्तांची नावं राहतात. त्यातले काही तर कधीच प्रभूकडे गेलेत. ट्रस्टच्या कागदावर मात्र त्यांना सार्वकालिक जीवन मिळालंय.

एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा. कमिट्या दोन.

काही ठिकाणी तर कपाटही दोन कुलपांचं असतं. एक जुन्या कमिटीचं, एक नव्या कमिटीचं. त्यामुळे प्रभुभोजनाचा प्याला आत आणि मंडळी बाहेर, अशी वेळ येते. पोलीस स्टेशनच्या हवालदारालाही आता पास्टोरेट हा शब्द न चुकता लिहिता येतो. मिशनऱ्यांना दोनशे वर्षांत जे जमलं नाही, ते आमच्या भांडणांनी केलं.

बाहेरच्या माणसापर्यंत चर्च पोहोचलं.

कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांनी लादलेल्या व्यवस्थेचं पाप. आपल्या माणसांच्या हाती कारभार आला असता तर वेगळं झालं असतं. आला होता की! अहमदनगरला 1850 च्या दशकातच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. पण मिशनचा हात वर राहिला, हेही खरं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ते सलत होतं. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्याला त्यात जागा. पदापेक्षा बंधुत्व मोठं. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, टिळक गेले.

दरबार राहिला नाही. दरबारी तेवढे राहिले.

आता एक गोष्ट जरा सबुरीने. या खुर्च्यांवरून हसणं सोपं आहे, पण खुर्ची एवढी प्यारी का झाली, हेही बघायला हवं. नगर जिल्ह्यात गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून माणसं मोठ्या संख्येने मंडळीत आली. त्यांना बाकावर बसायला मिळालं, वाचायला मिळालं, सभेत हात वर करायला मिळाला. मग 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आला. अनुसूचित जातींच्या यादीतून ख्रिस्ती झालेला बाहेर. 1956 मध्ये शिखांना त्यात घेतलं, 1990 मध्ये बौद्धांना. ख्रिस्ती अजून दाराबाहेर. म्हणजे अनुसूचित जातींसाठीची पंचायतीची राखीव जागा नाही, जिल्हा परिषदेची नाही, विधानसभेची नाही. खुल्या जागेवर विचारतो कोण? मग माणसातल्या पुढारीपणाने जायचं तरी कुठं?

तो रविवारी सकाळच्या उपासनेला येतो.

अर्थात, आत आल्यावर जात बाहेर चपलांपाशी राहते, असंही नाही. ख्रिस्तात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही, हे व्यासपीठावरून दणक्यात सांगतात. पॅनल ठरवताना मात्र आडनाव विचारतात, आजोबा कुठल्या गावचे तेही विचारतात. गोव्यात काही कोन्फ्रारींमध्ये, म्हणजे चर्चच्या बंधुसंघांमध्ये, सणाचा मान कोणत्या गावकऱ्यांचा, यावरून पिढ्यान् पिढ्या वाद आहेत. लाल झगा घालून मिरवणुकीत कोणी चालायचं, याला मुळात जातीचा आधार. चारशे वर्षांपूर्वी धर्म बदलला.

रांग बदलली नाही.

बायकांचं काय? पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पहिलं नाव घेतलंय ते फिबीचं. किंख्रियातल्या मंडळीची सेविका, आणि अनेकांना आधार देणारी. मिशनच्या काळात खेड्यापाड्यांत पायी फिरून घराघरांत वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया होत्या. पंडिता रमाबाईंनी केडगावात मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणल्या, जगवल्या, शिकवल्या, छापखाना चालवला आणि मूळ भाषांवरून सगळं बायबल मराठीत आणलं. सेक्रेटरीच्या सहीची वाट बघत बसल्या असत्या, तर पहिल्याच दुष्काळात संपलं असतं.

त्यांना आज कमिटीत घेतलं असतं. महिला प्रतिनिधी म्हणून. एक जागा.

दक्षिणेत चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये आंध्रातल्या नंद्यालला ई. पुष्पललिता यांना बिशप केलं. इकडे अजून बाईने प्रभुभोजनाची भाकर मोडली तर चालेल का, यावर ज्येष्ठांची चर्चा रंगते. तीच भाकर बाईने आणली, कापडं बाईने धुतली, फुलं बाईने लावली, रविवारची शाळा बाईने घेतली, आजाऱ्याच्या घरी डबा बाईने नेला. यांपैकी कशालाच निवडणूक नसते.

जिथं काम आहे, तिथं विरोधी पॅनल उभं राहत नाही. अनुभव घ्या.

प्रॉटेस्टंटांचं एवढं ऐकल्यावर वसईचा कॅथलिक वाचक मिशीत हसत असेल. त्याच्याकडे निवडणुकीचा हा तमाशा नाही. बिशप फादरना पाठवतात, फादर धर्मग्रामाचा कारभार बघतात, मदतीला पॅरिश कौन्सिल असते. 1983 च्या कॅनन लॉमध्ये कलम 536 आहे. पॅरिश कौन्सिलचं मत सल्ल्यापुरतं. पुढचंच कलम म्हणतं, प्रत्येक पॅरिशला अर्थविषयक समिती असलीच पाहिजे. म्हणजे हिशेबाला माणसं हवीतच, निर्णयाला मात्र फादर पुरेत.

आमच्याकडे सगळे बोलतात आणि निर्णय होत नाही. त्यांच्याकडे निर्णय होतो आणि मग सगळे बोलतात. घरी.

पण एक गोष्ट कॅथलिकांची मानली पाहिजे. पंचाहत्तरी झाली की पॅरिश प्रीस्टने राजीनामा द्यावा, असं त्याच कायद्यात लिहिलंय. बिशपलाही तेच. स्वीकारायचा की नाही ते वरचे बघतील, पण कागद द्यायचा. आमच्या वडील मंडळींना असं काही सुचवून बघा! मोशेनं ऐंशीव्या वर्षी काम सुरू केलं, हे उत्तर तयार असतं.

मोशेला वाळवंटात चालायचं होतं. यांना जिना चढायला दोन माणसं लागतात.

मोशेवरून आठवलं. निर्गमच्या अठराव्या अध्यायात त्याचा सासरा इथ्रो येतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडे करत बसलाय, लोक रांगेत ताटकळलेत. सासरा म्हणतो, हे काही बरं नाही. तूही दमशील, लोकही दमतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. मोशेनं ऐकलं. आमच्या सेक्रेटरीकडेच बँकेचं पुस्तक, हॉलच्या किल्ल्या, दफनभूमीचं रजिस्टर आणि व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद. दमत नाही तो.

लोक दमतात.

हे ॲडमिनपद नवं आहे, पण जुन्या सगळ्या पदांना भारी पडलंय. पूर्वी एखाद्याला मंडळीबाहेर काढायचं तर सभा लागे, ठराव लागे, पाळकाची सही लागे. आता अंगठा लागतो. हिशेबाबद्दल प्रश्न विचारला की सकाळी ग्रुपमधून गायब. दुपारी त्याच ग्रुपवर सुप्रभात, सोबत क्षमेवरचं वचन.

क्षमा असते. परत ग्रुपमध्ये घेत नाहीत.

या कटकटीला कंटाळून माणसं स्वतंत्र मंडळ्यांत जातात. तिथं निवडणूक नाही, गट नाहीत, चेंज रिपोर्ट नाही. भाड्याचा हॉल, उत्तम स्पीकर, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. पास्टर संस्थापक, पास्टरच अध्यक्ष. पत्नी महिला विभागात, मुलगा युवा विभागात, जावई वाद्यवृंदात. दोन वर्षांत पास्टरचे रेव्हरंड होतात, चार वर्षांत डॉक्टर, सहाव्या वर्षी फ्लेक्सवर बिशप किंवा प्रेषित. प्रेषित म्हणून उभं राहण्याआधी पेत्राला कोंबडा आरवल्यावर रडावं लागलं होतं.

इथं फ्लेक्सवाला अर्ध्या तासात करून देतो.

मग पाळकाचं काय? तो बिचारा, असं म्हणायची पद्धत आहे. अनेक ठिकाणी खरंच बिचारा असतो. पगार बेताचा, तोही अर्पण जमलं तर. राहायला साहेबाचा बंगला, म्हणजे गळका. कमिटीशी पटलं तर उपदेश उत्तम, नाही पटलं तर उपदेशात आत्मा नाही. अन्यायावर बोलला तर राजकारण, नाही बोलला तर घाबरट. मुलांच्या शाळेचं वर्ष नेमकं सुरू होतं आणि बदलीचं पत्र येतं.

पण बिचाऱ्यांतलेही काही हुशार असतात. कोणत्या गटाबरोबर चहा प्यायला की शहरातली मंडळी मिळते, हे त्यांना सेमिनरीत कोणी शिकवलेलं नसतं. वरच्या पदांचा जिना तिथूनच सुरू होतो. जिन्याच्या टोकाला काय असतं? 2022 च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे विभागाने जबलपूरच्या बिशपच्या घरावर छापा घातला. ते तेव्हा साऱ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे मॉडरेटर होते. दीड कोटीच्या वर रोकड सापडल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. दोषी कोण ते न्यायालय बघेल.

थैलीचं माप वाढलंय, एवढं आपण बघू शकतो.

उपाय? उपाय बायबलमध्येच आहे. यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा जमलेल्या मंडळीने दोन लायक माणसं पुढे केली, प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. मत्थियाचं नाव निघालं. प्रचार नाही, पॅनल नाही, हरकत नाही. आजही इजिप्तच्या कॉप्टिक चर्चमध्ये पोप असाच ठरतो. मतदानातून तीन नावं उरतात, आणि डोळे बांधलेला लहान मुलगा त्यातली एक चिठ्ठी उचलतो. 2012 मध्ये तवाद्रोस दुसरे असेच निवडले गेले. किती साधं! आपल्याकडे करून बघायला काय हरकत आहे?

एकच. तो मुलगा कोणाचा, यावर आधी निवडणूक घ्यावी लागेल.

तर चिठ्ठ्यांचं राहू द्या. तुमची वार्षिक सभा लवकरच असेल. पॅनलवाले येतील, चहा पाजतील, तुमच्या आजोबांची आठवण काढतील. त्यांना सुवार्तेबद्दल काही विचारू नका, ते सुंदर बोलतील. विचारा, गेल्या वर्षी रात्री अकरा वाजता मयत झाली तेव्हा दफनभूमीची किल्ली घेऊन कोण आलं होतं? खड्डा खणणाऱ्याचे पैसे कोणी दिले? त्या घरी तिसऱ्या दिवशी कोण गेलं? ज्याचं नाव पुढे येईल, तो माणूस बहुधा उमेदवारांच्या यादीत नसेल. त्याला उभा करा. तो नाही म्हणेल. तरीही करा.

आणि सभेला जाण्याआधी एक काम. तुमच्या मंडळीचा ट्रस्ट नोंदणी क्रमांक सहसा चर्चच्या पावतीवर छापलेला असतो. तो घ्या, धर्मादाय कार्यालयात अर्ज करा आणि परिशिष्ट एकची नक्कल मागा. विश्वस्त कोण आणि मिळकती कोणत्या, दोन्ही त्यात असतं. दर वर्षीचा ऑडिट रिपोर्टही त्याच कार्यालयात दाखल करावा लागतो. त्यासाठी कमिटीत असावं लागत नाही, वकील लागत नाही आणि कोणाच्या गटात जावं लागत नाही. सोमवारी कार्यालय उघडं असतं.